वरची कडी

हॅलो?… हॅलो, वहिनी?… हो, येतोय आवाज, पण तुटतोय. मागे ते गाणं केवढ्याने लावलंय… तू जरा बाहेर ये ना… हां. आता बोल.

मी बेलवलीलाच. आईच्या घरी. अजून कुठे असणार, चार रात्रींची ड्युटी लावून गेलीय ना ती मला… नाही गं, प्रमोद आणि पोरं कात्रपलाच. त्यांचा डबा देऊन आले संध्याकाळी. इकडे मी एकटीच, दार सताड उघडं टाकून बसलेय. डास नुसते फोडून खातायत.

ते राहू दे. केक कापला का?… अय्या, सगळ्या वेटरांनी गोल उभं राहून गाणं म्हटलं? आणि आई?… पदर तोंडात?… अगं लाजणारच. तिला आयुष्यात कुणी हॅपी बर्थडे म्हटलेलं नाही. एक जून ही तारीख तरी तिची कुठेय? शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली. आमच्या आळीतल्या सगळ्या बायका एक जूनच्या. एकसष्ट की चौसष्ट, तिलाच ठाऊक नाही.

मग? हॉटेल कसं आहे?… काचेच्या भिंती… हं… समोर समुद्र… टेबलावर फुलं, मेणबत्ती… बापरे, दादाने मनावरच घेतलंय यंदा.

काय केलं आईने?… थांब, थांब. बर्फावर मांडून ठेवलेले मासे? आणि तिने हात घातला? त्या हातमोजेवाल्या माणसासमोर?… कल्ला उचलून बघितला!… काय म्हणाली?… ‘तीन दिवसांचा आहे’?… अगं हसतेस काय, बरोबरच असणार तिचं. उल्हासनगरच्या मार्केटात तिला लांबून बघितलं की कोळणी टोपलीवर फडकं टाकतात. मग शेफला बोलावलं?… आणि त्याने आतून दुसरा काढून आणला? बघ. आमच्या म्हातारीपुढे गोवा गार.

हं… हं… सगळ्यांसाठी तिनेच निवडला. आणि स्वतःला?… डाळखिचडी.

मेनूत नव्हती, तरी करून दिली? मग चांगलंय की. खाऊ दे ना निवांत… दादा चिडला? का?… अगं, तिला डॉक्टरने कोलेस्ट्रॉल सांगितलंय, माहितेय ना तुला… काय?… दादाने कुणाला विचारलं?… त्याच्या कंपनीच्या डॉक्टरला? निघायच्या आधी?… आणि तो म्हणाला, मासे उलट चांगले…

अरे देवा.

नाही गं, काही नाही. असंच. म्हणजे… डॉक्टर काय, एक एक सांगतो, दुसरा दुसरं सांगतो… हो, समजलं, म्हणूनच मुद्दाम त्याने मासळीचं हॉटेल घेतलं. सरप्राइज. समजलं मला… मी कुठे काय लपवतेय?… वहिनी, मला कशाला विचारतेस, मी इथे बदलापुरात, तुम्ही तिथे…

वाराचंही कारण नाही सांगता यायचं, आज रविवार.

बरं ऐक ना. टेबलावर आलाय तो मासा कोणता?… चोणक? चोणक म्हणजे कसा असतो?… तोंड निमुळतं… पाठीला कुबड… चांदीसारखे मोठे मोठे खवले होते?… अगं वहिनी, तो जिताडा! आपला जिताडा, तिकडे चोणक म्हणत असतील… अख्खा? भाजून? तिच्या पुढ्यात ठेवला?… आणि ती काय करतेय?… नुसती बघतेय.

वहिनी, आधी तो मासा तिच्या समोरून उचल… कारण नंतर सांगते, आधी उचल. टेबलाच्या त्या टोकाला ठेव, किर्तीच्या बाजूला सरकव, काहीही कर… अगं ऐक ना!… बरं, वेटरला खुणेने सांग. थांबते मी.

…

उचलला?… बरं.

आता सांगते. पण तू तिथेच थांब, आत जाऊ नको. दादाला यातलं एक अक्षर कळता कामा नये. पोरीची शपथ घे, किर्तीची… घेतलीस? हां.

आईला कोलेस्ट्रॉल नाहीये. कधीच नव्हतं. तिने मासळी सोडलीय… सहा वर्षं झाली… नाही, डॉक्टर नाही, कोणी नाही. नवस आहे तिचा. एकवीरेला बोललीय. विक्रांतसाठी.

हो, तोच. भिंतीवरच्या फोटोतला. तुझ्या लग्नाच्या आधी घर सोडून गेला तो. तो गेला एवढंच तुला सांगितलंय. का गेला ते नाही सांगितलेलं कुणी… दादाही नाही सांगणार तुला.

दादानेच चिकटवलं होतं त्याला अंबरनाथला, आपल्याच कंपनीत. मशीनवर. सात महिन्यांत काढून टाकलं… झोप लागली म्हणे त्याला रात्रपाळीला, माल खराब झाला. दादाची मान खाली गेली सगळ्यांसमोर. ते मला समजतं गं. मग हा आठ महिने घरी बसून. आणि एका रविवारी आईने जिताडा आणला. कालवण केलं. सगळे बसले जेवायला. मी वाढत होते. विक्रांतने दुसऱ्यांदा तुकडी मागितली, आणि दादा बोलला… काय म्हणजे… ‘खायला बरा हात चालतो तुझा.’ एवढंच. एवढंच बोलला गं. रोज भाऊ भावाला यापेक्षा वाईट बोलतात.

हातातला घास त्याने ताटात परत ठेवला. उठला. हात पण धुतला नाही वहिनी. खरकट्या हाताने चपला घातल्या आणि गेला. आम्हाला वाटलं नाक्यावर गेलाय. आईने ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाकलेलं होतं ते.

शोधलं नाही तर काय! पोलिसात दिलं. आळीतला कैलास म्हणाला, उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एका जीन्सच्या कारखान्यात दिसला. मी फोटो घेऊन गल्ली न् गल्ली फिरले. एक शेठ म्हणाला, बेटी, ऐसे बहुत आते हैं, चले जाते हैं. त्यानंतर काहीच नाही. त्याचा नंबर आता एका सिंधी माणसाला मिळालाय. आई अजून लावते कधीकधी. तो बिचारा बोलतो पण नीट, माँजी माँजी करून.

आणि घराचं पण तेच ना. बिल्डर एवढा मागे लागलाय, चारी बाजूंनी टॉवर उठले, पण आई सही करत नाही. म्हणते, टॉवर झाला तर पोराला घर कसं सापडेल? रात्रीसुद्धा दार नुसतं लोटून घेते. वरची कडी सहा वर्षांत लावलेली नाही. मी इथे कशाला झोपतेय मग? तिने गोव्याला यायला हीच अट घातली, दार उघडं पाहिजे आणि घरात माणूस पाहिजे. दादाला मी सांगितलं, चोरांची भीती वाटते तिला.

तो या घरात बसून पोटभर जेवेल तेव्हाच ती मासळी तोंडाला लावणार. असं बोललीय… आम्हाला करून घालते ना, करूनच घालते! पण चव घेत नाही. कालवण झालं की मला फोन करते, ये गं, मीठ बघ. दर रविवारी मी कात्रपवरून येते ती कशाला वाटतं तुला, माहेरपणाला? मीठ बघायला येते. त्यातूनच मला कळलं.

म्हटलं ना. शंभरदा म्हटलं, आई, सोड, खा एक तुकडा, देवी काही कोपत नाही. तर म्हणते कशी, ‘मी मासळी खाल्ली की समज, मी त्याची वाट बघायची सोडली.’ … रडू नको गं. डोळे पूस, मस्कारा पसरेल. आत जा आणि दादाला सांग, आईंच्या पोटात बरं नाही. खिचडी खाऊ दे, आइस्क्रीम खाऊ दे, फोटो काढा आणि या परत. उद्या सकाळी समुद्र बघायला घेऊन…

वहिनी? कोण बोलतंय मागे?… हॅलो?

दादा… हां, मीच… काही नाही रे, आमचं आपलं बायकांचं… वहिनी कुठे रडतेय, वारा असेल तिकडे… दादा, आवाज खाली कर, लोक बघत असतील… हो, माहितेय. लांबून आणलंस तिला. कबूल. विमानातून आणलंस, खिडकी दिलीस, सगळं कबूल… तिची इच्छा नाही तर सोड ना. खिचडी खाते तर खाऊ दे… असेल रे डॉक्टर म्हणाला. तुला किती हौस आहे तेही दिसतंय मला…

काय म्हणालास?

नाटक?… आई नाटक करते?

दादा, शब्द मागे घे… नाही, नाही, घराचं आता कशाला काढतोस? बिल्डरचा काय संबंध आहे इथे?… कळतं. सगळ्यांना कळतं तो येणार नाही. मला काय कळत नाही? सहा वर्षांत ज्याने एक फोन केला नाही… कळतं रे! पण तू नको बोलूस. बाकी कुणीही बोलो, प्रमोद बोलो, आळीतले बोलोत, तू नको बोलूस… का म्हणजे?… मला बोलायला लावू नको… दादा, मी सांगते, मला बोलायला लावू नको…

ऐक मग! कोलेस्ट्रॉल नाहीये तिला! नवस आहे. विक्रांत येऊन जेवेपर्यंत मासळी नाही. समजलं? तू त्याला ताटावरून उठवलंस त्या दिवसापासून तिने मासा तोंडाला लावलेला नाही. आणि तुला कळू नये म्हणून कोलेस्ट्रॉल सांगत फिरते. मला म्हणाली, भूपेशला सांगू नको गं, तो मनाला लावून घेईल. सहा वर्षं तुला वाढते आणि आपण डाळ खाते, आणि तू म्हणतोस नाटक! आणि आज वाढदिवसाला तिच्यापुढे काय ठेवलंस? जिताडा!

…

दादा?

… दादा, मी तशी… तोंडातून गेलं रे माझ्या. तू नाटक म्हणालास म्हणून… तुझी काही चूक… तू तरी कुठे मुद्दाम… हॅलो? दादा, ऐक ना. हॅलो?

हॅलो… वहिनी? दादा कुठेय?… आत गेला? बरं, जेवायला बसला ना?… मग?… बसला, आणि?… बोल ना पटकन!… घास घेतला हातात… आणि परत ठेवला.

उठला?… ताटावरून उठला?

वहिनी, हात धुतला का त्याने?… अगं, हात, हात! हात धुतला का?… तसाच?… कुठे गेला?… पायऱ्या उतरून. पाण्याच्या बाजूला… अंधार आहे का तिकडे?… आईने बघितलं? सगळं बघितलं?… तू जा. तू त्याच्यामागे जा आधी. पळ! किर्ती राहील आईजवळ… फोन? फोन आईकडे दे. दे तिच्याकडे. जा तू.

…

आये?… आये, मी स्वप्नाली… बोल ना गो.

हो. मीच सांगितला… चुकला माझा. राग आला न् तोंडातून गेला… नाय गो, कोनी नाय आला इकडे. दार उघडाच हाय. भाईरचा दिवा पन चालू हाय. त्याचा भात ठेवलाय झाकून, तू सांगितलास तसा… हो, मूठभर जास्ती लावला.

आये, दादा येल परत. घाबरू नको. तो काय विक्रांत हाय का? त्याला बायको हाय, पोर हाय, नोकरी हाय. पाच मिन्टात येल. वहिनी गेलीय ना मागे… तसाच उठला, हो. समजला मला… हो, हात नाय धुतला… आये, रडू नको ना गो… रडत नायस? बरं.

काय म्हनतेस?… वेटरला कशाला बोलावतेस?… काय परत आनायला सांगतेस?

आये… नाय. नाय हां. तो कशाला परत आनलास पुढ्यात? आये, ऐक. तू खिचडी खा. दादाला मी समजावते, मी त्याचे पाया पडते, त्याला फोन लावते आता… ‘आई जेवते म्हनून सांग त्याला’? कोनाला पाठवलास सांगायला?… त्या पोऱ्याला सांगून काय होनार… आये, नको. माझा ऐक. मीच तुला शंभरदा सांगितला खा म्हनून, आता मीच सांगते, नको खाऊ. आज नको. अशी नको. सहा वर्षं गो! दोनदा चैत्रात अनवानी डोंगर चढलीस त्याच्यासाठी… एक दिवस, आये. उद्या मी परत उल्हासनगरला जाते. पाच नंबर, चार नंबर, सगळे कारखाने बघते. कैलासला घेते बरोबर…

काय बोललीस?

… ‘एक उठला. दुसरा नको उठायला.’

आये… आये, घास ठेव खाली. आये!

…

…

हॅलो?… कोन?… किर्ती? बाळा, फोन तुझ्याकडे कसा?… आजीचे हात खराब आहेत… आजी काय करतेय, सोनू?… काटे काढतेय. कुणासाठी, तुझ्यासाठी?… तुला पण देते… आणि स्वतः? आजी स्वतः खातेय का बाळा?… खातेय.

आजी रडतेय का?… नाही… मग?… पटापट खातेय.

आणि पप्पा?… आले? कुठे आहेत?… जिन्यात उभे. आजीकडे बघतायत… मम्मीने हात धरलाय… आणि आता?… बसले. आजीच्या शेजारी बसले… पप्पा रडतायत? रडू दे बाळा. मोठी माणसं पण रडतात… काय करते आजी?… भरवतेय. पप्पांना घास भरवतेय… हो गं, मोठ्यांना पण भरवतात. वाढदिवस आहे ना. तू पण खा, काटा बघून खा.

नाही, आत्या नाही रडत. सर्दी झालीय… आजीला दे फोन. कानाला लाव तिच्या, हात खराब आहेत ना तिचे.

आये… हां… जेवला दादा?… पोटभर जेवू दे. त्याला म्हनावा, मी काय मनात नाय ठेवला. त्याने पन ठेवू नको.

तू?… किती खाल्लास?… डोका तूच घेतलास? तुला जिताड्याचा डोका आवडतो ना… हो… हो… काय?

मीठ कमी हाय?

… हं. हाटेलात कमीच घालतात गो… आता तुझा तू बघशील. हो. समजला. रविवारी नाय येनार मीठ बघायला… येन गो, तुला बघायला येन. तसा नाय म्हनत मी.

बोल. ऐकते मी… कुठला दार?

… नको आये. ते राहू दे. चार दिवस मी हाय ना इथे, माझा काय जातंय? तू आलीस की मग बघ काय ते… मी नाय घरी जानार. मी झोपते इथेच. भात पन हाय झाकलेला… कुत्र्याला?… आये, तुझ्या तोंडून हे… आये, तू दमलीयस. उद्या बोलू आपन. उद्या तुला वेगला वाटेल…

… हो… हो… नाय, उलट नाय बोलत.

बरं. उठले. दिवा बंद केला… भाईरचा, हो. अंधार झाला अंगनात. समोरच्या टॉवरचाच काय तो उजेड.

दार ओढला.

वरची? वरची पन?… आये, खालची लावते, बास झाला ना… बरं. बरं. वरची.

थांब, हात नाय पुरत. स्टूल घेते… हां, चढले… सरकत नाय गो. गंजलीय. सहा वर्षं कोनी हात नाय लावला ना… तेल? कुठला, देवाजवलचा?… घालते… थांब, फोन खांद्यात धरलाय…

नाय सरकत, आये. राहू दे ना. बघ, ती पन नाय म्हनते… बरं, बरं, मारते वरवंटा. धर फोन.

…

…

हां.

लागली… लागली आये.

तू जेव. ठेवते मी.